चुना, सागवान आणि वर्षभराची निगा

जुन्या वास्तूच्या जतनाचे काम भिंतीवर हात ठेवून सुरू होते. बोटाच्या पेराने किंवा लाकडी दांड्याने गिलाव्यावर हलके ठोकले, की भिंतीला धरून असलेला गिलावा भरीव वाजतो आणि सुटलेला पोकळ वाजतो. जाणता गवंडी वीतवीत अंतराने सगळी भिंत अशी ऐकत जातो आणि पोकळ जागांभोवती खडूने रेघ ओढतो. दिवस मावळेपर्यंत भिंतीवर नकाशाच तयार होतो. कुठे ओल चढली आहे, कुठे लोणा लागून पोपडे सुटले आहेत, कुठे मागच्या पिढीतल्या दुरुस्तीचे ठिगळ आहे, हे त्यात दिसते. या कामात हयात घालवलेले गवंडी, सुतार आणि वास्तुविशारद एकच गोष्ट सांगतात. वास्तूला काय झाले आहे हे तिच्याकडूनच कळते, पण त्यासाठी तिला वेळ द्यावा लागतो. निदान एक पावसाळा तिच्यासोबत काढल्याशिवाय कोणते पाणी कोणत्या वाटेने आत येते, हे खात्रीने सांगता येत नाही.

महाराष्ट्रात जतनाचे हे काम अनेक प्रकारच्या वास्तूंवर चालते. कातळात कोरलेली लेणी, काळ्या दगडाची यादवकालीन मंदिरे, डोंगरी किल्ले आणि जलदुर्ग, पेशवाईतले वाडे, मुंबईतल्या व्हिक्टोरियन गॉथिक इमारती आणि १९३० नंतरची आर्ट डेको घरे असा हा विस्तार आहे. त्यांतल्या काही जागतिक वारसा यादीत आहेत. अजिंठा आणि वेरूळ १९८३ मध्ये, घारापुरी १९८७ मध्ये, मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस २००४ मध्ये, ओव्हल मैदानाच्या दोन बाजूंच्या गॉथिक आणि आर्ट डेको इमारती २०१८ मध्ये आणि मराठ्यांचे बारा किल्ले २०२५ मध्ये त्या यादीत आले. या बारांपैकी अकरा महाराष्ट्रात आहेत आणि जिंजी तमिळनाडूत. रोजचे बहुतेक काम मात्र ज्यांचे नाव कोणत्याही यादीत ठळक नाही अशा वास्तूंवर होते. कुठे एखादी बारव असते, कुठे गावातला वाडा, कुठे नगरपालिकेची जुनी मंडई, कुठे रेल्वेचे लहानसे स्थानक.

जुनी भिंत बहुधा एकसंध नसते. बाहेरून घडीव दगडाचा थर, आतून विटांचा किंवा कमी घडलेल्या दगडांचा थर आणि मधल्या पोकळीत दगडाच्या चिपा, माती व चुना यांची भर, अशी तिची रचना अनेक ठिकाणी आढळते. पुण्याच्या वाड्यांत वजन पेलण्याचे काम मुख्यतः सागवानी सांगाड्याकडे असते. दगडी जोत्यावर तळखडे, तळखड्यांवर खांब, खांबांवर हस्त आणि तुळया, तुळयांवर कडीपाट असा तो सांगाडा उभा राहतो. खांबांमधल्या भिंती विटांच्या असतात. ही रचना थोडी हलू शकते, थोडी बसू शकते. पावसाळ्यात ती ओल घेते आणि हिवाळ्या-उन्हाळ्यात ती बाहेर टाकते. ओलीची ही ये-जा अडली, की दुखण्याला सुरुवात होते.

ती ये-जा शक्य होते ती चुन्यामुळे. चुनखडी भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सियसला भाजली, की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी घातले की तो उकळतो, फुलतो, विझतो. विझलेला चुना पाण्याखाली मुरत ठेवतात. जितका मुरेल तितका तो लोण्यासारखा मऊ होतो. मग वाळू आणि विटांची भुकटी म्हणजे सुरखी घालून तो घाणीत मळतात. जुन्या पद्धतीच्या घाणीत गोल दगडी चरातून जड दगडी चाक फिरे आणि ते बैल ओढत. महाराष्ट्रातल्या अनेक किल्ल्यांवर आणि जुन्या मंदिरांजवळ अशा घाणीचे चर आणि चाके आजही दिसतात. ठिकठिकाणच्या रिवाजाप्रमाणे मिश्रणात गुळाचे पाणी, हिरड्याचा काढा, बेलफळाचा गर किंवा उडदाचे पाणी पडे. भिंतीवर चढलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड पुन्हा शोषून घेतो आणि हळूहळू पुन्हा चुनखडी बनतो. हा प्रवास काही दिवसांत संपत नाही. जाड भिंतीच्या पोटात तो वर्षानुवर्षे चालू राहतो.

चुन्याचे गुण कामावरच कळतात. तो दगडापेक्षा आणि भाजलेल्या विटेपेक्षा मऊ असतो, म्हणून भिंत थोडी हलली तर तडा सांध्यात जातो आणि दगड वाचतो. बारीक तडा गेला, तर पावसाच्या पाण्यात विरघळलेला थोडा चुना त्या फटीत पुन्हा साचतो आणि फट आपोआप बुजते. सांध्यातला चुना सच्छिद्र असतो, त्यामुळे भिंतीतली ओल आणि तिच्याबरोबरचे क्षार त्याच वाटेने बाहेर पडतात. काही दशकांनी तो चुना झिजतो आणि दर्जा, म्हणजे सांध्यांच्या रेघा, पुन्हा भराव्या लागतात. झिजण्याचे काम त्यानेच करायचे असते, म्हणजे दगड तसाच राहतो.

सिमेंटचा स्वभाव याच्या उलट आहे. पोर्टलंड सिमेंटचे पेटंट १८२४ मध्ये इंग्लंडमध्ये घेतले गेले आणि विसाव्या शतकात ते आपल्याकडे गल्लोगल्ली पोचले. ते लवकर घट्ट होते, कठीण होते आणि ओलीला सहज वाट देत नाही. नव्या बांधकामात हे गुण उपयोगी पडतात. चुन्याच्या भिंतीवर तेच गुण घात करतात. सांधे सिमेंटने बुजवले की ओल दगडातून आणि विटांतून वाट काढते. पाणी वाळताना क्षारांचे स्फटिक दगडाच्या पृष्ठभागाखाली फुगतात आणि दगडाचा चेहरा पापुद्र्यांनी गळू लागतो. कामावर असे चित्र वारंवार दिसते, की सिमेंटची दर्ज जाळीसारखी पुढे आलेली आहे आणि तिच्या चौकटींतले दगड मात्र खोल झिजले आहेत. ती दुरुस्ती कोणीतरी मनापासून केलेली असते. भिंत मजबूत व्हावी, पुन्हा पुन्हा खर्च येऊ नये, हाच त्यामागचा हेतू असतो. असे सिमेंट काढताना दगडाची कड फुटू नये म्हणून छिन्नी हाताने आणि बेताने चालवावी लागते. ज्या कामाला लावायला दोन दिवस लागले होते, त्याला काढायला दोन आठवडे लागतात.

चुन्याच्या कामाला ऋतू पाळावा लागतो. कडक उन्हाळ्यात गिलावा वरून पटकन सुकतो आणि आतून कच्चा राहतो. पावसाळ्यात तो धुऊन जातो. म्हणून दिवाळीनंतरचे महिने या कामाला सर्वांत चांगले. गिलावा एका दिवसात जाड चढवायचा नसतो. पातळ थर द्यायचा, तो ओढू द्यायचा, मग पुढचा थर द्यायचा आणि मधल्या दिवसांत ओले गोणपाट टांगून भिंत ओली राखायची. मिश्रण नीट जमले आहे की नाही, याची गवंड्याची कसोटी साधी आहे. थापीवर घेतलेला चुना थापी उलटी केली तरी तिला धरून राहिला पाहिजे. जुन्या चुन्यात किती वाळू होती, हे प्रयोगशाळेत त्याचा तुकडा आम्लात विरघळवून काढता येते. पण नवे मिश्रण त्या भिंतीला मानवते का, हे ठरवण्यासाठी कोपऱ्यातल्या हातभर जागेत नमुना करून तो काही आठवडे पाहावा लागतो.

लाकडाची कहाणी तळाशी सुरू होते. वाड्याचा सागवानी खांब शंभर-दोनशे वर्षे वर ताठ असतो. कुजतो तो तळखड्याजवळ, जिथे अंगणातले पाणी किंवा नंतर बसवलेल्या नळाची गळती पोचते. तुळयांची भिंतीत शिरलेली टोकेही अशीच ओलीने आणि वाळवीने पोखरली जातात. असा खांब मुळापासून बदलण्याची गरज क्वचितच पडते. वरच्या तुळईला टेकू देऊन, कुजलेला भाग कापून, तेवढ्याच मापाचा जुना मुरलेला साग तिरक्या सांध्याने जोडतात. नव्या सागाला हवेतल्या ओलीप्रमाणे आकसण्या-फुगण्याची सवय अजून असते, म्हणून पाडलेल्या घरांमधून निघालेल्या जुन्या सागाला सुतार पसंती देतात. एका वाड्याची तुळई दुसऱ्या वाड्याच्या खांबाला आधार देते. पुण्यातल्या विश्रामबागवाड्याच्या दर्शनी बाजूचे सुरूदार खांब पाहिले, की सुतारकाम किती उंचीवर पोचले होते याची कल्पना येते. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातला हा वाडा १८७९ च्या आगीत अंशतः जळाला. त्याच आगीच्या प्रकरणात बुधवारवाडा पूर्ण गेला. शनिवारवाड्याचे लाकडी महाल त्याआधीच, १८२८ च्या आगीत भस्म झाले होते आणि दगडी तट, दरवाजे व जोती तेवढी उरली. लाकडी वास्तूत वीजजोडणी तपासणे आणि आग विझवण्याची सोय ठेवणे हे जतनाचे पहिले काम का मानतात, ते या तीन वाड्यांच्या इतिहासावरून समजते.

मुंबईत साहित्य बदलते आणि दुखणीही बदलतात. तिथल्या गॉथिक इमारतींत मालाडचा पिवळसर दगड, कुर्ल्याचा दगड, काळा बेसॉल्ट आणि नक्षीसाठी पोरबंदरचा मऊ चुनखडक एकाच दर्शनी भागात शेजारी शेजारी बसतात. पोरबंदरच्या दगडावर पाने, फुले, पक्षी सहज कोरता येतात. पण वाहनांच्या धुरातला आम्लांश पाण्यात मिसळला की तोच दगड सर्वांत आधी झिजतो. काळी पुटे काढण्यासाठी वाळूचा जोरकस मारा केला तर पुटांबरोबर नक्षीही जाते. म्हणून साधे पाणी, मऊ ब्रश आणि ओल्या मातीचे किंवा कागदाच्या लगद्याचे लेप यांनीच सुरुवात करतात. दगड जोडण्यासाठी पूर्वी आत घातलेल्या लोखंडी पट्ट्या समुद्राच्या खाऱ्या हवेत गंजतात. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि आतूनच दगड फोडतो. मरीन ड्राइव्हच्या परिसरातल्या आर्ट डेको इमारती काँक्रीटच्या आहेत, पण त्यांच्या सळ्यांनाही हाच रोग लागतो. ऐंशी-नव्वद वर्षांचे काँक्रीट जपण्याचे शास्त्र अजून घडत आहे आणि मुंबईतले अभियंते ते काम करतच शिकत आहेत.

एवढ्या सगळ्या दुखण्यांची मुळे शोधत गेले, तर बहुतेक वेळा शोध एका तुंबलेल्या पन्हाळीशी किंवा सरकलेल्या कौलाशी येऊन थांबतो. जूनपूर्वी पन्हाळी साफ झाल्या असत्या, तर तुळई कुजली नसती. पिंपळाचे रोप बोटभर असताना उपटले असते, तर तटाची फळी सुटली नसती. पक्ष्यांच्या विष्ठेतून तटाच्या सांध्यात पडलेले वडाचे किंवा पिंपळाचे बी दोन-तीन पावसाळ्यांत सांधा रुंद करते. रोप नुसते वरून छाटले की मुळे अधिक जोमाने आत पसरतात. मुळासकट काढायचे, तर काही दगड सुटे करून, खुणेने क्रमांक घालून, पुन्हा त्याच जागी बसवावे लागतात. हे शहाणपण नवे नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्गांविषयीच्या प्रकरणात तटावर उगवणारी झाडे वरचेवर काढण्याची आणि तटाभोवतीचे गवत जाळून गड स्वच्छ राखण्याची ताकीद आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी गडाची वार्षिक निगा हा राज्यकारभाराचा भाग होता. गडावरची वस्ती उठली तेव्हा ती निगा थांबली आणि आज दिसणारी बरीच पडझड त्यानंतरची आहे.

दुरुस्तीला हात लावण्याआधी नोंद करावी लागते. प्रत्येक खोलीचे माप, प्रत्येक तड्याची रुंदी, प्रत्येक दाराच्या बिजागरीची जागा कागदावर उतरते. तड्यावर काचेची पट्टी चिकटवतात. ती काही महिन्यांत फुटली तर भिंत अजून हलते आहे. रंगाचे थर नाण्याएवढ्या जागेत एकेक करून खरवडले, की ऑइलपेंटखाली डिस्टेंपर, त्याखाली चुन्याची सफेदी आणि सर्वांत खाली मूळचा रंग असा क्रम उलगडतो. आता लेझर उपकरणांनी एका दिवसात अख्ख्या इमारतीचे बिनचूक माप घेता येते. तरीही हाताने मोजणाऱ्याला जे दिसते ते निराळे असते, कारण मोजताना तो प्रत्येक कोपऱ्यात थांबतो. नोंदी एकाच ठिकाणी ठेवायच्या नसतात, हा धडा अजिंठ्याने दिला आहे. रॉबर्ट गिलने १८४४ पासून वर्षानुवर्षे खपून केलेल्या तिथल्या चित्रांच्या बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मुंबईच्या कलाशाळेच्या जॉन ग्रिफिथ्सने विद्यार्थ्यांसह केलेल्या प्रतिकृतींपैकी अनेक १८८५ मध्ये तशाच आगीत गेल्या.

अजिंठ्याने दुसराही धडा दिला. तिथली चित्रे ओल्या चुन्यावर काढलेली नाहीत. कातळावर मातीचा गिलावा, त्यात भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू, वर चुन्याचा पातळ हात आणि त्यावर रंग अशी त्यांची घडण आहे. १९२० नंतर हैदराबाद संस्थानाने इटलीतून तज्ज्ञ आणले. त्यांनी सुटू पाहणारे गिलाव्याचे थर कडेने बांधून वाचवले. पण रंग उठून दिसावेत आणि टिकावेत म्हणून चित्रांवर लाखेचा थरही दिला गेला. काळाच्या ओघात तो थर पिवळा आणि तपकिरी पडला, त्यावर धूळ बसली आणि चित्रे झाकोळली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना तो थर इंचाइंचाने काढण्यात अनेक दशके घालवावी लागली. त्या काळातल्या उत्तम ज्ञानाने, चांगल्या हेतूने केलेले ते काम होते. त्यातून पुढच्यांनी नियम घेतला, की जे घालायचे ते पुन्हा काढता येईल असेच घालावे, कारण उद्याचे ज्ञान आजच्यापेक्षा अधिक असणार आहे. वेरूळने त्याचा दाखला दिला. तिथल्या मातीच्या गिलाव्यात भांगेचे तंतू मिसळलेले होते आणि त्यामुळे तो कीड व ओल यांपुढे टिकला, असे संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केले. मूळचा गिलावा कोणी सरसकट खरवडून नवा दिला असता, तर कारागिरांचे हे ज्ञान त्याबरोबर गेले असते.

किती दुरुस्त करावे आणि कुठे थांबावे, या प्रश्नावर जगभर विचार झाला आहे. १९६४ च्या व्हेनिस सनदेने मूळ साहित्याला मान दिला आणि जिथून अंदाज सुरू होतो तिथे पुनर्रचना थांबवावी अशी मर्यादा घातली. १९९४ च्या नारा दस्तऐवजाने प्रत्येक संस्कृतीची अस्सलपणाची कल्पना वेगळी असू शकते, हे मान्य केले. भारतात २००४ मध्ये इन्टॅक या संस्थेच्या सनदेने पिढीजात कारागिरांच्या जिवंत परंपरेलाही जतनाचा भाग मानले. मूळ साहित्याचा मान आणि जिवंत परंपरा हे दोन्ही विचार महाराष्ट्रातल्या कामावर रोज समोर येतात. अहिल्याबाई होळकरांनी घृष्णेश्वरापासून काशीपर्यंत मंदिरे पुन्हा उभी केली, ती जीर्णोद्धाराच्या परंपरेतून. देव जागता असेल तर मंदिर भग्न ठेवता येत नाही, ही भाविकांची भावना खरी असते. त्याच भावनेतून काळ्या दगडावर ऑइलपेंट चढतो, गाभाऱ्यात चकचकीत फरश्या येतात आणि दगडाची ओल अडते. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात २०२४ मध्ये नंतरच्या काळात बसवलेल्या फरश्या काढून मूळचा काळा दगड मोकळा करण्यात आला आणि तो पाहून भाविकांना जुने मंदिर पुन्हा भेटल्यासारखे वाटले. अशा कामात पुजारी, विश्वस्त आणि गावकरी यांच्याशी आधी बसून बोलावे लागते. ते बोलणे नीट झाले तर पुढची देखरेख गावच करते.

कायद्याची चौकट शंभर वर्षांहून जुनी आहे. १९०४ मध्ये प्राचीन स्मारकांच्या संरक्षणाचा पहिला देशव्यापी कायदा झाला. १९५८ च्या कायद्याने आजची व्यवस्था घडवली आणि २०१० च्या दुरुस्तीने संरक्षित स्मारकाच्या भोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई व त्यापुढे २०० मीटरपर्यंत नियंत्रण आले. राज्यघटनेच्या ४९ व्या अनुच्छेदाने राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांचे रक्षण राज्यसंस्थेवर सोपवले आहे आणि ५१क अनुच्छेदाने आपल्या संमिश्र संस्कृतीचा वारसा जपणे हे नागरिकाचे कर्तव्य मानले आहे. केंद्राच्या संरक्षणाखाली देशभरात ३,६०० हून अधिक स्मारके आहेत. राज्याचा स्वतंत्र कायदा १९६० चा आहे. शहरातल्या राहत्या, वापरातल्या इमारती मात्र या कायद्यांच्या बाहेर राहत. ती उणीव मुंबईने १९९५ मध्ये भरून काढली. सुमारे ६०० इमारती आणि परिसरांची यादी करून त्यांना तीन श्रेणी देणारे वारसा नियम देशात पहिल्यांदा तिथे लागू झाले. पहिल्या श्रेणीत राष्ट्रीय महत्त्वाच्या वास्तू येतात. त्यांत बदलाला जवळजवळ वाव नसतो. दुसऱ्या श्रेणीत आतून काही बदल चालतात आणि तिसऱ्या श्रेणीत रस्त्याचा, वस्तीचा चेहरा राखण्यावर भर असतो.

यादीत नाव आले म्हणून इमारत वाचत नाही. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईत अनेक घरांची भाडी १९४० च्या पातळीवर गोठली. भाडेकरूंना त्याने छत दिले, पण दुरुस्तीला पैसा उरला नाही आणि दोन पिढ्यांत हजारो इमारती जर्जर झाल्या. सरकारी कामांत वेगळी अडचण असते. दरसूचीत सिमेंटच्या गिलाव्याचा दर तयार असतो, चुना सहा महिने मुरवण्याचा दर नसतो. निविदा सर्वांत कमी रकमेला जाते आणि निधी मार्चअखेर खर्ची पडावा लागतो. चुना भिजत घालायला सप्टेंबर गाठावा आणि कामाची मंजुरी जानेवारीत यावी, हा अनुभव या क्षेत्रात सर्वांना परिचित आहे. ज्या अधिकाऱ्यांनी दरांचे स्वतंत्र पृथक्करण करून घेतले, अनुभवी कारागीर ही अट निविदेत घातली आणि काम दोन हंगामांत विभागले, तिथे निकाल चांगला आला.

चांगल्या निकालांची उदाहरणे डोळ्यांसमोर आहेत. भायखळ्याच्या राणीच्या बागेतले १८७२ मध्ये उघडलेले वस्तुसंग्रहालय, आजचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, २००३ ते २००८ या काळात महानगरपालिका, इन्टॅक आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांनी एकत्र येऊन पुन्हा उभे केले. त्याला युनेस्कोचा आशिया-प्रशांत विभागातला सर्वोच्च पुरस्कार २००५ मध्ये मिळाला. १९९३ पासून बंद पडलेले मुंबईचे रॉयल ऑपेरा हाउस २०१६ मध्ये पुन्हा उघडले आणि तिथे पुन्हा नाटके व गाणी होऊ लागली. १८७८ मध्ये बांधायला घेतलेले छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आजही मध्य रेल्वेचे मुख्यालय आहे आणि रोज लाखो प्रवासी त्याच्या छताखालून जातात. या तिन्ही ठिकाणी वास्तूचा वापर चालू आहे, म्हणून गळती लागली तर त्याच दिवशी कोणाच्या तरी लक्षात येते. कुलूप लावून राखलेल्या वास्तूत ती दोन वर्षांनी कळते. म्हणून जतनाच्या आराखड्यात इमारत कोणत्या कामाला लागणार, हे आधी ठरवतात. मूळ वापर चालू ठेवता आला तर उत्तमच. नसेल, तर खोल्यांची घडण न मोडता जमेल असा वापर शोधतात.

एवढा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर कामावरच मिळत जाते. जुनी वास्तू हा त्या भूमीतल्या हवामानाचा आणि साहित्याचा अभ्यास असतो. जाड भिंती, चौक, उतरती छपरे, ओसऱ्या यांनी पंख्याविना उन्हाळा काढता येत असे आणि हे ज्ञान आजच्या बांधकामालाही हवे आहे. उभी इमारत दुरुस्त केली की नवा दगड, नवे पोलाद, नवे सिमेंट वाचते आणि राडारोड्याचे ढीग वाचतात. गावाला आपली ओळख अशा खुणांतून मिळते. वेशीची कमान गेली की रस्त्याचे नाव उरते, पण ते नाव का पडले हे पुढच्या पिढीला कळत नाही. आणि या वास्तूंत अनेक माणसांचे श्रम साठलेले असतात. रायगडावर जगदीश्वराच्या मंदिराच्या पायरीवर गड बांधणाऱ्या हिरोजीचे नाव कोरलेले आहे. टर्मिनसच्या दगडी पानाफुलांत सर ज. जी. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचे हात आहेत. सिंधुदुर्गाच्या तटात चुन्यात उमटलेला हाताचा आणि पायाचा ठसा शिवाजी महाराजांचा म्हणून श्रद्धेने जपला जातो. बाकीच्या असंख्य पाथरवटांची, गवंड्यांची, सुतारांची आणि वडारांची नावे कुठेही लिहिलेली नाहीत. त्यांनी घातलेला सांधा तेवढा शिल्लक आहे.

त्या सांध्याची दुरुस्ती करायची, तर तो घालता येणारे हात हवेत. चुना मळणारे, सागाचा तिरका सांधा जमवणारे, छिन्नीच्या टवक्यावरून दगडाची जात ओळखणारे कारागीर वयस्क होत चालले आहेत. त्यांची मुले अनेकदा सिमेंटच्या कामाकडे वळतात, कारण तिथे रोज काम मिळते. म्हणून आता अनेक कामांवर जुन्या मिस्त्रीच्या हाताखाली तरुण गवंडी ठेवण्याची पद्धत पडते आहे. एका हंगामात तो थर द्यायला शिकतो, दुसऱ्या हंगामात मिश्रण ओळखायला लागतो आणि पुढे कधीतरी पोकळ गिलावा त्याच्या कानाला कळू लागतो.

काम पुरे झाले की परांच्या उतरतात, पण एक गोष्ट वास्तूत मागे ठेवायची असते. ती म्हणजे देखभालीची वही. कोणत्या भिंतीत कोणते मिश्रण वापरले, कोणता दगड कुठून आणला, कोणती तुळई कुठे जोडली याची नोंद तिच्या पहिल्या पानांवर असते. पुढची पाने महिन्यांची असतात. मे महिन्यात कौले आणि पन्हाळी तपासणे, पहिल्या मोठ्या पावसानंतर माळ्यावर चढून पाहणे, ऑक्टोबरात भिंतीतली रोपे काढणे, हिवाळ्यात झिजलेल्या दर्जा भरणे आणि दर पाच वर्षांनी सगळी वास्तू पुन्हा ठोकून ऐकणे. ज्या वास्तूत ही वही भरली जाते, तिथे मोठ्या दुरुस्तीची वेळ लांबते. वही कोरी राहिली, तर काही वर्षांनी कोणीतरी पुन्हा भिंतीवर हात ठेवून पहिल्यापासून सुरुवात करतो.